इटालियन बोलपटांतील मनोदर्शन

आमच्या भंडारा जिल्ह्यांत दिवाळीनंतर धान कापून घरीं आलें कीं मंडईचे दिवस सुरू होतात. गांवोगांवीं दंडारी होतात आणि झाडीपट्टीचीं नाटकें रात्र रात्र चालतात. त्या नाटकांतलें एखादें पात्र संकटांत सांपडलें कीं तें पुढें येतें, प्रेक्षकांकडे तोंड करतें आणि आपल्या मनांत काय चाललें आहे तें मोठ्यानें सांगून टाकतें. यालाच स्वगत म्हणतात. शेजारीं उभ्या असलेल्या पात्राला तें ऐकूं जात नाहीं, आणि मैदानाच्या शेवटच्या टोंकाला घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला मात्र स्पष्ट ऐकूं जातें, ही नाटकाची मौज आहे. आम्हां प्रेक्षकांना तिच्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं.

चित्रपटाला ही सोय नाहीं. त्याच्या यंत्राला दिसतो तो केवळ माणसाचा बाह्य देह. चेहरा दिसतो, हात दिसतो, अंगावरचा कोट दिसतो, पाठीमागची भिंत दिसते; मन कांहीं दिसत नाहीं. असें असतांना कांहीं चित्रपट पाहून उठतांना आपण एका माणसाच्या मनांतून फिरून आलों असें वाटतें, तें कसें? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंतील मुलांना शिकविण्यांत माझा जन्म गेला. परंतु न बोलणाऱ्या मनाचा अदमास घेण्याचा प्रसंग मास्तरावर रोजच येतो, आणि तो अदमास चुकला म्हणजे काय होतें, हेंहि मला थोडेंसें ठाऊक आहे.

इटली कोठें आणि वैनगंगेचा कांठ कोठें, असें कोणी म्हणेल. पण इटलीच्या आणि मराठी चित्रपटाच्या ओळखीला पुष्कळ वर्षें झालीं. दामले आणि फत्तेलाल यांनीं पुण्याच्या प्रभात कंपनींत काढलेला 'संत तुकाराम' १९३७ सालीं इटलींतील व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला आणि तेथें त्याचा गौरव झाला. देहूच्या वाण्याचें मन व्हेनिसच्या रसिकांना मराठीचें अक्षर न कळतां कळलें. तेव्हां रोमच्या मजुराचें मन भंडाऱ्याच्या माणसाला कां कळूं नये?

त्याच १९३७ सालीं प्रभातचा 'कुंकू' निघाला. इटलीकडे जाण्यापूर्वीं आपण या आपल्या घरच्या चित्रपटापाशीं क्षणभर थांबूं. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं तो काढला. पोरक्या नीरेला फसवून तिचें लग्न काकासाहेब नांवाच्या वृद्ध विधुर वकिलाशीं लावून देतात, आणि नीरा त्यांना पति मानण्याचें साफ नाकारते. शांता आपटे यांची ती बाणेदार नीरा लोकांच्या लक्षांत राहिली, आणि तें योग्यच झालें. परंतु मनाचा अभ्यास म्हणून पाहिलें तर माझी नजर केशवराव दाते यांनीं केलेल्या काकासाहेबांवर खिळते. हा गृहस्थ दुष्ट नाहीं. शिकलेला आहे, घरीं कर्तीसवरतीं मुलें आहेत. नीरेचा नकार त्याला आधीं पोरकट हट्ट वाटतो, मग अपमान वाटतो, आणि शेवटीं केव्हां तरी त्याला कळतें कीं यांत अपराध तिचा नसून आपला आहे.

हा प्रवास दाखवितांना शांतारामांनीं एक धाडस केलें. या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घरांत, रस्त्यावर जे आवाज खरोखर होतात तेवढेच ऐकूं येतात. दुःखाच्या वेळीं रडणारी सारंगी नाहीं, म्हणून त्या घरांतली शांतताच बोलूं लागते. आरसा, भिंतीवरचें घड्याळ, करंड्यांतलें कुंकू या रोजच्या वस्तूच तेथें स्वगताचें काम करतात. म्हाताऱ्यानें आरशांत पाहावें आणि आरशानें खरें तें सांगावें, यांत शब्दांची गरजच उरत नाहीं. अखेरीस काकासाहेब नीरेला मुलगी मानतात आणि तिला मोकळें करण्यासाठीं पत्र लिहून ठेवून आपला अंत करून घेतात. त्यांच्या समाजांत त्या काळीं घटस्फोटाची सर्वमान्य वाट नव्हती. हिंदु विवाहाचा कायदा झाला तो १९५५ सालीं. जी गांठ कायद्यानें सुटावयाची ती एका माणसाच्या प्राणानें सोडविली गेली. हा शेवट मला आजहि पटत नाहीं. पण स्वतःचें खरें रूप अचानक पाहावें लागलेल्या मनाची होरपळ म्हणून तो खोटा नाहीं.

काकासाहेबांचा आरसा काचेचा होता. आतां ज्या इटालियन चित्रपटाविषयीं मी बोलणार आहें, त्यांतला आरसा जिवंत आहे. तो सातआठ वर्षांचा एक मुलगा आहे.

२४ जानेवारी १९५२ रोजीं मुंबईस भारतांतला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. व्हित्तोरिओ दे सिका या दिग्दर्शकाचा १९४८ सालचा 'सायकल चोर' हा चित्रपट त्यांत दाखविला गेला, आणि आपल्याकडचे जाणते लोक थक्क झाले. बिमल रॉय यांनीं तो पाहिला आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९५३ सालीं, 'दो बिघा जमीन' काढला. जमीन वांचविण्यासाठीं कलकत्त्यास जाऊन रिक्षा ओढणारा तो शेतकरी आणि त्याच्याबरोबरचा तो पोरगा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांनीं या इटालियन बापलेकांचे भाऊबंदच पाहिले म्हणावयाचें. मीं स्वतः 'सायकल चोर' पाहिला तो फार उशीरा, निवृत्त झाल्यावर, मुलाच्या घरीं, लहानशा पडद्यावर.

गोष्ट अगदीं साधी आहे. महायुद्ध संपलें आहे, रोममध्यें काम मिळत नाहीं. अंतोनियो रिच्ची याला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचें काम मिळतें, पण अट अशी कीं सायकल पाहिजे. सायकल तर गहाण पडलेली. त्याची बायको मारिया घरांतल्या चादरी काढून गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशीं ती चोरीला जाते. मग मुलगा ब्रूनो याला बरोबर घेऊन बाप ती शहरभर शोधीत फिरतो. एवढेंच कथानक. नायकाचें काम करणारा गृहस्थ नट नव्हताच. तो कारखान्यांतला कामगार होता. एक अमेरिकन निर्माता या चित्रपटाला पैसे देण्यास तयार होता, पण नायक म्हणून हॉलिवुडचा नामांकित नट घ्यावा अशी त्याची इच्छा होती. दे सिकानें तें मानलें नाहीं. नामांकित चेहऱ्यावर आपण नटाचें कौशल्य पाहतों. अनोळखी चेहऱ्यावर माणूस पाहतों.

आतां या साध्या गोष्टींत मनाचे व्यापार कसे दिसतात तें पाहा. आरंभीं मारिया एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे जाते तेव्हां अंतोनियो तिची थट्टा करतो. हातीं सायकल आहे, खिशांत नोकरीचा कागद आहे. अशा माणसाला भविष्याची गरज वाटत नाहीं. पण सायकल गेल्यावर, सगळ्या वाटा बुजल्यावर, हाच माणूस त्याच बाईच्या दारीं जाऊन बसतो. ती सांगते तें इतकेंच कीं सायकल सांपडली तर आत्तांच सांपडेल, नाहीं तर मुळींच नाहीं. हें सांगावयाला दिव्य दृष्टि कशाला पाहिजे! तरीहि तो पैसे देतो. श्रद्धा आणि बुद्धि यांवर आपण व्याख्यानें देतों. परंतु भय पोटांत शिरलें म्हणजे बुद्धि कशी हळूच मागच्या दारानें निघून जाते, हें या दोन दृश्यांत जसें दिसतें तसें मीं कोठल्याहि पुस्तकांत वाचलें नाहीं.

दुसरा प्रसंग. शोध फसत चालला आहे, चोराचा माग हातचा निसटला आहे. ब्रूनो कांहींतरी बोलतो आणि बाप त्याच्या थोबाडींत देतो. मुलाचा अपराध काय? कांहींच नाहीं. बापाला राग आला आहे तो चोराचा, पोलिसांचा, सरकारचा, आपल्या दैवाचा. पण यांपैकीं कोणाच्याहि अंगाला त्याचा हात पोंचत नाहीं. जवळ आहे तें पोर. वड्याचें तेल वांग्यावर काढणें ही आपली जुनी म्हण. मानसशास्त्रज्ञांनीं याला पुढें मोठें नांव दिलें, एवढेंच. ब्रूनो रुसून दूर दूर चालूं लागतो. थोड्या वेळानें नदीकडून आरोळी येते कीं कोणी पोर बुडत आहे. बाप धांवत सुटतो. तो मुलगा दुसराच असतो. ब्रूनो वर पायऱ्यांवर सुखरूप बसलेला दिसतो, आणि सायकल गेल्यापासून त्या माणसाच्या मनाला प्रथमच आठवण होते कीं सायकलीहून मोठें कांहीं आपल्यापाशीं आहे.

मग तो मुलाला खानावळींत नेतो. परवडत नसतांना नेतो. ही त्याची क्षमायाचना आहे. बाप मुलाची क्षमा शब्दांनीं मागत नाहीं, तो त्याला खाऊं घालतो. शेजारच्या टेबलावर श्रीमंताचा एक मुलगा ऐटींत जेवीत आहे. ब्रूनो त्याच्याकडे पाहतो. जेवतां जेवतां अंतोनियो नोकरीच्या पगाराचा हिशेब मांडूं लागतो आणि आंकडे मुलाकडून लिहवून घेतो. ती नोकरी हातची जाऊं घातली आहे, तरी बेरीज बरोबर येते. मीं जन्मभर मुलांना बेरीज शिकविली. इतकी उदास बेरीज दुसरी पाहिली नाहीं.

शेवटचा प्रसंग फुटबॉलच्या मैदानाबाहेरचा. शेंकडों सायकली उभ्या आहेत. एका दाराशीं एक सायकल एकटीच आहे. अंतोनियो तिच्याकडे पाहतो, तोंड फिरवितो, पुन्हां पाहतो. आणि मग काय करतो? आधीं मुलाच्या हातावर पैसे ठेवतो आणि त्याला ट्रामनें पुढें जावयास सांगतो. माझ्या मतें साऱ्या चित्रपटाचें मर्म येथें आहे. तो अजून चोर झालेला नाहीं. पण चोरी करण्याच्या आधीं त्याचें मन एक काम उरकून घेतें, तें म्हणजे मुलाचे डोळे दूर करणें. पोलिसांचें भय त्याला नंतरचें आहे. ब्रूनोची ट्राम चुकते. बाप सायकल उचलून पळतांना, लोकांनीं पाठलाग करून त्याला धरतांना, त्याला मारतांना तो पाहतो. रडत रडत येऊन बापाला बिलगतो, पडलेली टोपी उचलतो, हातानें झटकतो. सायकलीच्या मालकाची नजर त्या मुलावर जाते आणि तो म्हणतो, सोडून द्या याला.

श्रोतेहो, येथपर्यंत आल्यावर मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका लहान गांवच्या शाळेंत होतों. पावसाळ्याच्या तोंडीं शाळेच्या छपरासाठीं कवेलू आणून ठेवले होते. त्यांतले बारा कवेलू एके दिवशीं कमी भरले. चौथींतल्या एका मुलाच्या वडिलांनीं ते नेल्याचें समजलें. मजुरी करून पोट भरणारा माणूस. त्याचें घर गळत होतें. मीं त्यांना शाळेंत बोलावून घेतलें. एरवीं मी त्यांना "अहो" म्हणत असें. त्या दिवशीं पटांगणांत, सगळ्या वर्गासमोर, मीं त्यांना अरे-तुरे केलें आणि बारा कवेलू मोजून परत ठेवावयास लावले. मुलगा दारांत उभा होता. तो रडला नाहीं. तो पाटीकडे पाहत राहिला. पुढचे कांहीं दिवस खालीं मान घालून येत राहिला, मग यावयाचा बंद झाला. प्रामाणिकपणाचा धडा दिला असें मला त्या वेळीं वाटलें होतें. कवेलू शाळेचे होते, हें आजहि खरें आहे. ते परत मागणें माझें कर्तव्यच होतें. परंतु मुलाला घरीं पाठवून, दार लोटून, चार शब्द हळू बोलून तें करतां आलें असतें. रोमच्या त्या सायकलवाल्याला एका क्षणांत जें कळलें, तें मला मास्तर असून कळलें नव्हतें. चित्रपट संपला तेव्हां मुलानें दिवा लावला आणि विचारलें, "बाबा, झोंप आली का?" मीं "हो" म्हटलें.

चोरी करणें ही एक गोष्ट, आणि आपल्या माणसाच्या डोळ्यांदेखत चोर ठरणें ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठीं कायदा आहे. दुसऱ्या गोष्टीला आपल्या भाषेंत लाज हा लहानसा शब्द आहे. लाजेला नेहमीं दुसऱ्याचे डोळे लागतात. दे सिकाचा शेवट पाहा. बापलेक गर्दींतून चालत आहेत, बापाच्या डोळ्यांत पाणी आहे, आणि ब्रूनो त्याचा हात धरतो. मुलगा काय म्हणत असेल? कांहींच म्हणत नाहीं. सकाळपर्यंत बाप मुलाला धरून चालवीत होता. संध्याकाळीं मुलगा बापाला सांवरतो. याहून मोठें स्वगत मला माहीत नाहीं.

दे सिकानेंच १९५२ सालीं 'उंबेर्तो डी.' हा चित्रपट काढला आणि तो आपल्या वडिलांस अर्पण केला. नायक निवृत्त सरकारी नोकर आहे. पेन्शन पुरत नाहीं, घरमालकीण खोली खालीं करावयास सांगते, आणि सोबतीला फ्लाइक नांवाचें कुत्रें तेवढें आहे. हें काम ज्यांनीं केलें ते कार्लो बात्तिस्ती भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, नट नव्हते. यांत एक प्रसंग आहे. हे गृहस्थ भीक मागावी काय, या विचाराला येऊन ठेपतात. रस्त्याच्या कडेला उभे राहून हात थोडा पुढें करतात. एक वाटसरू थांबतो, खिशांत हात घालतो. आणि त्याच क्षणीं यांचा तळहात उलटा होतो, जणूं पाऊस पडतो आहे कीं काय तें हे पाहत होते! ज्यानें महिनाअखेरीस उसने मागण्यासाठीं शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन "सहजच आलों होतों" म्हटलें असेल, त्याला या उलटलेल्या तळहाताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. पोट म्हणतें माग, मन म्हणतें मागूं नको. आणि त्या दोघांच्या भांडणाचा निकाल एका हातावर दिसतो. पुढें ते टोपी कुत्र्याच्या तोंडांत देऊन आपण आडोशाला उभे राहतात. म्हणजे भीक मागावयाची ती कुत्र्यानें, आपण नव्हे! मन स्वतःला कसें फसवितें, आणि फसवून कशी अब्रू राखतें, याचा हा नमुना हंसूं आणतो आणि हंसतां हंसतां घशांत आंवढा आणतो.

तिसरा एकच चित्रपट सांगून विषय आटोपतों. फेदेरिको फेल्लिनी याचा 'ला स्त्रादा', म्हणजे 'रस्ता', १९५४ सालचा. आपल्याकडे डोंबारी खेळ करीत गांवोगांव हिंडतात, तसा झांपानो नांवाचा एक दांडगा माणूस छातीनें लोखंडी सांखळी तोडून दाखवीत हिंडतो. जेल्सोमिना नांवाची भोळी मुलगी त्यानें तिच्या गरीब आईकडून पैसे देऊन आणलेली असते. तो तिला राबवितो, मारतो आणि एके दिवशीं झोंपेंत टाकून निघून जातो. पुढें कांहीं वर्षांनीं ती मेल्याचें त्याला कळतें, आणि त्या रात्रीं समुद्राच्या वाळूवर पडून तो दगडासारखा माणूस हुंदके देतो. अंतोनियोला आणि उंबेर्तोला दुसऱ्याच्या डोळ्यांची लाज होती. झांपानोला कोणाचीच नव्हती. ज्या एका जिवाचे डोळे त्याच्याकडे प्रेमानें पाहत होते, ते मिटल्यावर त्याला तें उमगलें. हा फेल्लिनी पुढें मनाच्या शास्त्राकडे फार ओढला गेला. युंग या मानसशास्त्रज्ञाच्या पंथांतील बेर्नहार्ड नांवाच्या वैद्याचा त्याला सहवास लाभला, तो आपलीं स्वप्नें वहींत चितारून ठेवूं लागला, आणि १९६३ सालच्या 'साडेआठ' या चित्रपटांत स्वप्न, स्मृति आणि वास्तव यांची त्यानें एकच वीण केली. ती वाट अधिक कठीण आहे. माझ्यासारख्याला अजून रोमच्या रस्त्यावरचा ब्रूनोच जवळचा वाटतो.

एक सूचना मात्र केली पाहिजे. असे चित्रपट पाहूं लागलों कीं प्रत्येक वस्तूंत गूढ अर्थ शोधण्याची खोड लागते. सायकल म्हणजे अमुक आणि टोपी म्हणजे तमुक, असें कोष्टक मांडून बसणें हें मुलांकडून निबंधाची मार्गदर्शिका पाठ करून घेण्यासारखें आहे. सायकल ही आधीं सायकलच असते. ती गेली कीं घरांत चूल पेटत नाहीं, म्हणूनच तिच्याभोंवतीं एका माणसाचें सारें मन गोळा होतें. काकासाहेबांचा आरसा, अंतोनियोची सायकल, उंबेर्तोचा तळहात यांना अर्थ आला तो त्या माणसांच्या गरजेमुळें.

तेव्हां, श्रोतेहो, हे चित्रपट तुम्हांला पाहावयास मिळाले तर भाषेला भिऊं नका. पात्र काय बोलतें यापेक्षां त्याचा हात काय करतो तें पाहा. तें कोणाकडे पाहतें आणि कोणाची नजर टाळतें तें पाहा. आणि घरीं परतल्यावर आपल्या मुलाबाळांकडे, गड्यामाणसांकडे, दारांत येणाऱ्या गरजवंताकडे त्याच नजरेनें थोडें पाहा. कोणाला बोल लावण्याचा प्रसंग आलाच, तर त्याच्या पाठीमागें दारांत कोणी लहान मूल उभें आहे काय, हें आधीं पाहून घ्या. एवढें मला वेळेवर सुचलें असतें तर चौथीच्या वर्गांतली एक जागा रिकामी झाली नसती.